निरोपाची तयारी

समोसे सांगून हेमराज कँटीनबाहेर आला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली होती. ज्या माणसाने इतकी वर्षं वाट अडवून धरली, त्याच्या निरोपाचे समोसे आपणच सांगायचे. वर चटणी गोड हवी की तिखट, तेही आपणच ठरवायचं.

डिस्पॅचचे इन्चार्ज भैय्याजी या महिन्यात अठ्ठावन्न पुरे करत होते. हेमराज त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागला आणि असिस्टंट म्हणूनच टकला झाला. मधल्या काळात कंपनीने नाव बदललं, गेट बदललं, युनिफॉर्मचा रंग बदलला. हेमराजचा हुद्दा तेवढा जपून ठेवला. दर अप्रेझलला मोठे साहेब म्हणत, "तुम्ही डिपार्टमेंटचे खांब आहात." खांबाला बढती देत नाहीत, हे त्याला उशिरा कळलं.

कंपनीत निरोप कोणाचाही असो, तयारी हेमराजकडेच. तसा सोमवारी एचआरच्या दिपाली मॅडमचा फोन आला. "शनिवारी तुमच्या डिपार्टमेंटचा निरोप समारंभ आहे. बघाल ना? भैय्याजींनी सांगितलंच असेल तुम्हाला."

"हो, सांगितलं."

भैय्याजींनी काहीच सांगितलं नव्हतं. पण वरची बातमी आपल्याला आधीच ठाऊक आहे असं दाखवायचं, एवढं कंपनीने त्याला शिकवलं होतं.

"फार समजूतदारपणे घेतलंत," मॅडम म्हणाल्या.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायला समजूत लागतेच, असं हेमराजच्या तोंडावर आलं होतं. पण आता खुर्ची रिकामी होत होती. घरी बायकोने, ज्योत्स्नाने, केळझरच्या गणपतीचा नवस फेडायचा दिवसही ठरवून टाकला होता आणि पोरीच्या होणाऱ्या सासरी सांगून ठेवलं होतं, बाप साहेब आहे म्हणून.

भैय्याजींनी त्याला चहाला नेलं. "हेमराज, तुले एक सांगाचं होतं."

"सांगा नं."

भैय्याजींनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून खाली गेलं. "ज्योत्स्ना बरी हाये नं?"

"बरी हाये."

"मंग झालं."

जाताजाताही म्हातारा दोन बऱ्या शब्दांना महाग, असं हेमराजला वाटलं. चहाचे पैसे त्यानेच दिले.

फोर्कलिफ्टवाला रोशन त्याला खुर्च्या मांडताना बघत होता. "तुह्या जागी मी असतो तं असा राबलो नसतो बाप्पा."

"काऊन?"

"मी तं समोशाच्या जागी शिव्या वाटल्या असत्या."

"माह्याही तोंडावर येऊन राह्यल्या," हेमराज म्हणाला. "पन एका दिवसाचा तं प्रश्न हाये. सोमवारपासून सुटलो."

रोशनने फोर्कलिफ्टची किल्ली खिशात टाकली आणि तो त्याच्यासोबत खुर्च्या उचलू लागला. रोशन आणि काम, हे नवलच होतं.

बॅनर कंपनीचा एकच होता, 'हार्दिक निरोप'. त्यावर नाव कधीच नसे. नाव टाकलं की पुन्हा वापरता येत नाही.

शनिवारी हेमराज इस्त्रीच्या शर्टात शाल-नारळाचं ताट धरून उभा राहिला. भैय्याजी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मोठ्या साहेबांनी माइक घेतला. कंपनी म्हणजे कुटुंब, दिवस कठीण आहेत, खर्च आटोक्यात ठेवावा लागतो, असं ते बरंच बोलले. समोसे थंड होत होते.

"अनुभवाची किंमत आम्ही जाणतो," साहेब म्हणाले. "म्हणून भैय्याजींना आपण आणखी दोन वर्षं थांबवून घेतलं आहे."

टाळ्या झाल्या. साहेबांनी ताटातली शाल उचलली, घडी मोडली आणि हेमराजच्या खांद्यावर घातली.