नंबर लावून

"अरे वहिनीजी, तुम्ही लाइनीत कशाला? सीधे आत चला ना!" कंपाउंडर संताजी लगबगीनं पुढे आला.

"नंबर येईल तेव्हा जाईन," शशिकलाबाई म्हणाल्या आणि बाकाच्या टोकाला अंग चोरून बसल्या.

जुन्या इंदुरातल्या त्या दवाखान्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसे. होळकरांचं राज्य जाऊन मध्य भारत प्रांत झाला, कचेऱ्यांत नवे साहेब आले, पण लक्ष्मीकांत डॉक्टरांवरचा लोकांचा भरवसा काही हलला नाही. हलणार कसा? उकळल्याशिवाय ते सुईला हात लावत नसत. एकदा मिक्स्चरचा रंग जरा निराळा दिसला, तर अख्खी बाटली मोरीत ओतून त्यांनी संताजीला चारचौघांत झाडलं होतं. आणि ऐकून घ्यायचे तेही असं, की सांगता सांगताच माणसाचं अर्धं दुखणं उतरावं.

शशिकलाबाईंना तेच तर हवं होतं. महिना झाला, खोकला हटत नव्हता. मूलबाळ नाही. नवरा सकाळी जाई तो दिवेलागणीनंतर येई, आणि ताटावर बसला तरी पेपर उघडाच. बोलायचं कुणाशी, भिंतींशी? काल खोकल्याबरोबर रक्त आलं आणि बाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. तोंड धुऊन त्या चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. आपण मेलो तरी कुणाला कळायला दुपार होईल, असं त्यांच्या मनात आलं.

शेजारी हातोद गावाहून आलेली म्हातारी होती. ती म्हणाली, "डाक्टरसाब तो देवता है, बाई! म्हारी बहू बीमार थी, तो इतवार को भी हातोद आए."

"हो ना," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम रडू फुटलं. खोकल्याच्या निमित्तानं त्यांनी पदर तोंडाला लावला.

नंबर आला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, भुवया उंचावल्या. बाई मुकाट्यानं पेशंटच्या स्टुलावर बसल्या.

"काय होतंय?"

"खोकला. महिना झाला."

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "मोठा श्वास. अजून एक." त्यांचा चेहरा उतरला. "रक्त?"

"काल पडलं."

"महिनाभर अंगावर काढायचं असतं का हे? घरी सांगायचं नाही?"

"नवऱ्याला सांगितलं की. दोनदा. पेपरमधून मान वर न करता 'बघू' म्हणाले." "म्हटलं, नंबर लावूनच यावं. इथं सगळ्यांचं ऐकून घेतात."

कानातली नळी काढायचंही डॉक्टरांना सुचेना. मग खुर्ची मागे सारून ते उठले आणि दारात जाऊन ओरडले,

"संताजी, दवाखाना बंद कर! टांगा बोलाव, माझ्या बायकोला मोठ्या इस्पितळात न्यायचंय."