नुसतं ‘नाही’ म्हणा

“कोणी काहीही विचारलं तरी ‘नाही’ म्हणायचं,” आईनं बजावलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

त्याला कित्येक वर्षं लोटली. आज पितरांच्या पंधरवड्यातली पहाट होती. कंबोडियातल्या हत्याकांडात मारलेल्यांच्या कवट्या जपून ठेवलेल्या स्मारकाच्या फाटकाशी मला पाहून पहारेकरी वीरकनं कपाळावर हात मारला.

“आलात का आजी! गेल्या वर्षी परत पाठवलं तरी टोपली आहेच. अहो, आत खाण्याचं न्यायचं नाही. मुंग्या लागतात.”

“भाताचे गोळे आहेत रे. उजाडलं की पितर खात नाहीत. सोड लवकर.”

“मी कुठे अडवतोय? टोपलीवर पंचा टाका. ‘खाण्याचं काही आहे का?’ एवढं मला विचारावंच लागतं. तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणा.”

“खोटं न बोलण्याचं व्रत आहे माझं.”

“वैताग आहे! एवढ्याशा ‘नाही’नं तुमचं पुण्य सांडतंय थोडंच! कोणाचं काय जाणार आहे त्यानं?”

मी टोपली खाली ठेवली.

“तेव्हा ख्मेर रूज राजवटीच्या सैनिकांनी सारिनला हात बांधून माझ्यासमोर उभं केलं होतं. मला विचारलं, ‘हा तुझा भाऊ का?’ मी आईचं ऐकलं, वीरक.”

वीरकनं कडी काढली. मग त्यानं फाटक उघडलं.

“कोणासाठी आणलंय, आजी?” त्यानं हळूच विचारलं.

“माझ्या भावासाठी,” मी म्हणाले, आणि उघडी टोपली उचलून कवट्यांकडे निघाले.