सतरा नंबर

कौन्सिलच्या माणसाने दारावरची सात नंबरची पाटी काढून सतरा नंबरची लावायला घेतली, तशा मिसेस थर्कटल चहाचा मग हातात घेऊनच बाहेर आल्या.

"सत्तेचाळीस वर्षं सात नंबरमध्ये राहतेय मी. आज सतरा कशी झाले रे?"

"आता चर्चपासून मोजायचं ठरलंय. चर्चजवळचं घर एक नंबर, तुमचं शेवटचं."

"आपली गल्ली समुद्राकडून मोजतात. जा, आजोबांना विचार तुझ्या!"

"एक ते सहा नंबर कड्यासकट समुद्रात गेले, मिसेस थर्कटल. सातपासून सुरू होणारी गल्ली कागदावर बरी दिसत नाही."

"मग मला एक नंबर दे की! समुद्राकडून पहिलं घर आता माझंच आहे."

"तसं केलं तर दर हिवाळ्यानंतर सगळ्या गल्लीचे नंबर बदलत बसावं लागेल," तो स्क्रू पिळता पिळता बोलून गेला. "चर्चकडून मोजलं की शेवटचा तेवढा खोडायचा."

मागच्या कुंपणापलीकडे लाटा आपटत होत्या. मिसेस थर्कटलनी चहाचा मग दोन्ही हातांनी धरला.

"शेजारच्या हिल्डाला सांगितलंस हे खोडायचं?"

"सोळा नंबर? त्यांना पुढच्या वर्षी सांगू."