मास्तरांचा लखलखता शर्ट

शर्टाची चांदीची गुंडी सापडेना, तेव्हा हेडमास्तर भर चौकात धोबिणीला "चोरटी!" म्हणाले. ती धुण्याचं गाठोडं उचलून चालती झाली. घरी येऊन मात्र तिने त्यांचा शर्ट दगडावर असा आपटला, की शेजाऱ्याची कौलं सरकली. शर्ट इतका पांढरा निघाला, की शाळेत पोरं डोळ्यांवर हात धरून पाढे म्हणू लागली. दर आठवड्याला तोच राग, तोच लखलखाट, मास्तर खूश. मग एकदा गुंडी त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडली. ते तडक चौकात आले नि सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, चूक माझी. माफ करा." पुढच्या धुण्याला तिचा हातच जोरात पडेना. "मावशी, शर्ट मळकट राहिला हो!" "रागच येत नाही, मास्तर. हवं तर पुन्हा चोरटी म्हणा." दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्या दारावरून मळकट शर्टातच, ताठ मानेने शाळेत गेले.