शेवटच्या आठ ओळी

“हे पान तुम्हाला मिळालंच नव्हतं,” म्हातारीनं पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला. “परीक्षणासाठी तुमच्याकडे आलेल्या कच्च्या प्रतीत ते बांधायचं राहून गेलं होतं.”

लीड्सच्या त्या सभागृहात कवयित्री आणि समीक्षक हॅरिएटला नुकताच जीवनगौरव पुरस्कार मिळाला होता. प्रत्येक वक्त्यानं तिच्या पहिल्याच परीक्षणाचा उल्लेख केला. एका अनोळखी कवीची कविता बंद दारापाशी अचानक थांबते, त्यातच त्या कवितेचं मोठेपण आहे, असं हॅरिएटनं लिहिलं होतं. त्या परीक्षणानं कवीचं नाव झालं आणि तिचंही. तो कवी गेल्या वर्षी वारला. समोर उभी होती ती त्याची बायको.

“मग पुस्तकात हे पान का नाही?”

“छपाईआधीच तुमचं परीक्षण आलं ना! ते वाचून त्यानंच काढायला लावलं. आता नवी आवृत्ती निघतेय. तुम्ही सांगाल तसं करू.”

हॅरिएटनं सवयीनं हातात पेन्सिल घेऊन वाचलं. आठ ओळींत दार उघडत होतं. आत रिकामा पाळणा होता आणि एक नाव, रोवेना.

“आमची मुलगी. अकरा दिवस जगली. तिचं नाव दुसरीकडे कुठंच छापलेलं नाही.”

ओळी भाबड्या होत्या. त्यांच्याशिवायच कविता चांगली होती. परीक्षण मुळीच चुकलं नव्हतं.

हॅरिएटनं पेन्सिल पर्समध्ये ठेवून दिली.

“घाला हे पान,” ती म्हणाली. “आणि प्रस्तावना मी लिहिते. तेव्हा माझं चुकलं होतं, असं.”