गुच्छाच्या कडेचा तारा

कुमाऊंच्या डोंगरावरच्या वेधशाळेत हंसा बिष्ट एका तारकागुच्छातल्या ताऱ्यांचं तेज मोजत होती. कोण कधी मंदावतो, कधी उजळतो, यावर तिचा प्रबंध उभा होता. कडेचा एक फिका तारा मात्र मध्येच पार विझायचा आणि पुन्हा पेटायचा. कुठल्याच नकाशात तो नव्हता.

“कॅमेऱ्याचा दोष असेल, भुली. टाक काढून,” दुर्बीण सांभाळणारे पुष्करदाज्यू म्हणाले. ते तिला भुली, म्हणजे धाकटी बहीण म्हणत; ती त्यांना दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ.

“काढते. पण आधी बघू तरी, दाज्यू!”

कॅमेऱ्यातच दोष असला तर तो झाकण लावूनही दिसतो. म्हणून भर दुपारी, घुमट बंद असताना, त्यांनी दुर्बिणीला झाकण लावून फोटो घेतला. संगणकाच्या काळ्याकुट्ट पडद्यावर तो एकटाच तारा होता.

“बघ, म्हटलं नव्हतं?” दाज्यू हसले.

हंसाला चैन पडेना. तिने दुसरा फोटो घेतला. दोष कधी जागचा हलत नाही. तारा मात्र कडेवरून मधोमध आला होता.

दाज्यूंचं हसू मावळलं. त्यांनी उठून कॅमेऱ्यातून संगणकाकडे येणारी वायरच उपटली.

हंसा पडद्याला नाक लावून बघत होती.

“दाज्यू, वायर काढलीत ना?”

“हो. का गं?”

“मोठा होतोय.”