लेनिनग्राडचा धडा

नातीच्या उशीखाली पुन्हा भाकरीचे तुकडे सापडले, तशा अनसूयाबाई स्वयंपाकघरात येऊन मुलावर कडाडल्या. "दिगंबर, तुझी पोर उंदीर पाळतीय का रे?"

"आई, इतिहासाचा धडा आहे. लेनिनग्राडचा वेढा. माणसं उपाशी मेली होती तिथं. दोन दिवसांत उतरेल."

"उतरायला ताप आहे का? मागं फ्रान्सची राज्यक्रांती झाली, तर ही सरपंचाच्या दारात घोषणा देत बसली. तुम्ही दात काढलेत. नुसता धडा वाचला तर पोट दुखतं का? आम्ही शिकलो थोडं, पण डोक्यात टोपी घालून लढाईत नाही गेलो!"

"शाळेतली ती टोपी घातली की धडा स्वतः जगल्यासारखा होतो, आई. जन्मभर विसरत नाही."

"तेच तर रडतीय मी!"

जेवायला बसलेल्या शर्वरीनं अर्धी भाकरी मोडून फ्रॉकच्या खिशात घातली. "ही मीशाची. माझ्या भावाची."

शर्वरी एकुलती एक होती; हा भाऊ त्या धड्यातला. अनसूयाबाईंनी कपाळावर हात मारला, दुसरं ताट वाढलं आणि तिच्याशेजारी आदळलं. "हे त्याचं. आता तुझं तू गीळ, बाई."

शर्वरी त्या ताटाकडं बघत राहिली. "तो मेला, आजी. त्याचा पाव मी चोरून खाल्ला."

"तू नाही गं खाल्लास. तू वर्गात बाकावर बसली होतीस."

"मग त्याची चव अजून माझ्या तोंडात कशी आहे?"

अनसूयाबाईंनी तिला पदराखाली ओढलं आणि मुलाकडं वळून म्हणाल्या, "दे उत्तर. पैकीच्या पैकी मार्क देते."